सहा चिठ्ठ्या, दोन नावं

[दृश्य: वही, पेन्सिल. जवळून.]

वहीतला नावांचा खेळ कॉम्प्युटरवर आणू पाहणारी एक नवशिकी मुलगी, आणि हा तिचा कागद. वर समीर. खाली रसिका. जुळणारी अक्षरं खोडायची, एवढंच काम. र सापडला. वर काट, खाली काट. मग स. पण वर नुसता स आहे आणि खाली सि. पेन्सिल थांबते. बघा, किती वेळ थांबते. संकलनात हा शॉट छोटा करता आला असता, केला नाही.

शेवटी तिने तो खोडला नाही. स, मी, सि, का. उरली चार.

[दृश्य: टेबलावर गोलात सहा चिठ्ठ्या. वरून.]

वहीच्या मागच्या पानावरचा हा खेळ. इंग्रजीत त्याला फ्लेम्स म्हणतात, सहा नात्यांच्या आद्याक्षरांवरून. आपल्या चिठ्ठ्या अशा: मैत्री, प्रेम, जिव्हाळा, लग्न, वैर, भावंडं. चार उरली म्हणून चार मोजायचं आणि चौथी चिठ्ठी उचलायची. लग्न गेलं. पुढच्या चिठ्ठीपासून पुन्हा चार. प्रेम गेलं. मैत्री गेली. जिव्हाळा, मग भावंडं. उरलं वैर.

(इथे निवेदन थांबतं. तिचं हसू पूर्ण दिसू द्या.)

राज्य कोणावर हे ठरवायला मुलं गोलात उभी राहून सुटतात ना, तेच हे. गणितात या मोजणीला जोसेफसचं कोडं म्हणतात. जोसेफस पहिल्या शतकातला इतिहासकार होता. कॉम्प्युटर अजून उघडलेला नाही हे लक्षात आलं असेल. तो उघडण्याआधी ही चिठ्ठ्यांची फेरी तिने अकरा वेळा केली. आम्ही मोजली.

[दृश्य: स्क्रीन. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं.]

कॉम्प्युटरला सूचना लिहायची भाषा, पायथन. ती बसवण्याचा भाग कॅमेऱ्यात नाही, आणि तो कुणी आवडीने पाहतो असंही नाही.

सहा नात्यांची एक यादी. नावांच्या दोन याद्या. पहिल्या यादीतलं एकेक अक्षर घ्यायचं, दुसरीत असलं की दोन्हीकडून काढायचं. आणि गोल? यादी तर सरळ असते, तिला टोक असतं. टोकावरून परत सुरुवातीला आणणारी क्रिया शाळेत शिकलेलीच आहे: भागाकारातली बाकी. आपण उभे आहोत त्या जागेच्या क्रमांकात (पायथन जागा शून्यापासून मोजतो) शिल्लक अक्षरांचा आकडा मिळवायचा, एक वजा करायचा, उरलेल्या चिठ्ठ्यांच्या संख्येने भागायचं, बाकी येईल ती चिठ्ठी काढायची. एक वजा का? कारण हाताखालच्या चिठ्ठीपासूनच आपण ‘एक’ म्हणतो. बोट पाहा तिचं. ओळ टाइप करण्याआधी ते टेबलावर, रिकाम्या जागेत, मोजून येतं.

समीर. रसिका. एंटर.

मैत्री.

[दृश्य: स्क्रीन आणि वही शेजारी शेजारी.]

वहीत वैर, पडद्यावर मैत्री. नवशिका इथे सहसा कॉम्प्युटरचं खरं मानतो. हिने मानलं नाही, कारण अकरा फेऱ्या हाताने झाल्या होत्या. तिने यादी फोडून छापायला सांगितली, आणि हा आमच्या चित्रीकरणातला सगळ्यात सुंदर शॉट: रसिका पाच तुकड्यांत. र. स. पहिली वेलांटी, एकटीच, ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकून. क. आणि काना.

यंत्राचं काही चुकलेलं नाही. युनिकोड म्हणजे लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा गट आहे, आणि त्यात स ची जागा वेगळी, वेलांटीची वेगळी. काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण, सगळ्यांना आपापलं घर. ही मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावरून आली. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. पायथनच्या २००८ मधल्या तिसऱ्या आवृत्तीपासून प्रत्येक मजकूर युनिकोडमध्येच धरला जातो. म्हणून यंत्राने स सुद्धा खोडला. समीरचे म आणि दुसरी वेलांटी उरले, रसिकाची पहिली वेलांटी, क आणि काना. पाच. आणि पाचाच्या मोजणीत शेवटी मैत्रीच उरते, चिठ्ठ्या मांडून पाहा. ‘प्रिया’ची लांबी विचारली तर पायथन सहा सांगतो. आपण दोन म्हणतो. दोघंही बरोबर असतात, ही यातली गंमत.

[दृश्य: नवीन पान. रमा, मीरा.]

आता यंत्राच्याच नियमाने कागदावर. र, म, काना दोन्हीकडे आहेत, खोडले. उरली दुसरी वेलांटी, म्हणजे एक. पडद्यावर मात्र तीन!

ही चूक खरीच चूक होती, आणि आमच्या मते अख्ख्या खेळातली सगळ्यात मोलाची. रांगेतला पहिला माणूस बाहेर पडला की मागचे एक पाऊल पुढे सरकतात. पण तपासणारा तर दुसऱ्या जागेकडे निघालेला. मधला एक न तपासताच सुटतो. र काढला, म पुढे सरकला, तपासणी थेट कान्यावर. म दोन्ही नावांत तसाच राहिला. चिठ्ठ्यांवर तिने हे तीनदा करून पाहिलं तेव्हा तिला दिसलं. उपाय एका ओळीचा: तपासायला यादीची नक्कल घ्यायची, काढायचं मूळ यादीतून.

[दृश्य: टाइप करणारे हात.]

मग नावं आपल्यासारखी फोडायला तिने ‘अक्षरं’ नावाचं फंक्शन, म्हणजे नाव दिलेला सूचनांचा संच, लिहिलं. हो, नाव देवनागरीतच, पायथनला ते चालतं. कुठलं चिन्ह कुठल्या प्रकारचं हे सांगणारं युनिकोडडेटा नावाचं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा भाग, पायथनसोबतच मिळतं. मात्रा किंवा पायमोडकं चिन्ह दिसलं की ते आधीच्या अक्षराला चिकटवायचं. आधीचं अक्षर पायमोडकं असलं की पुढचं व्यंजनही त्यालाच. प्रिया दोन. रसिका तीन. समीर आणि रसिका, चार.

वैर.

या निकालांवरून पुढे चिडवाचिडवी होते, कधी रडारडही होते. असो.

[दृश्य: पडद्यावर समीर, आणि पुन्हा समीर.]

काम झालं म्हणून कॅमेरा बंद होणार होता. तेवढ्यात तिने एकच नाव दोनदा टाइप केलं. उत्तर आलं: मैत्री. आम्हाला ते पटलंही. ती मात्र चिठ्ठ्यांकडे वळली. सगळी अक्षरं खोडली गेली, शिल्लक शून्य. शून्य मोजायचं कसं? बोट हलेचना.

पायथन मात्र हलला होता. शून्यातून एक वजा केला, उणे एक आलं. सहाने भागल्यावर पायथन त्याची बाकी पाच देतो. सी या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत तीच बाकी उणे एक येते. म्हणजे तो मागच्या मागे चालत गेला: भावंडं काढली, वैर, लग्न, जिव्हाळा, प्रेम. कुठेही न अडखळता. लाल अक्षरांत एकही तक्रार नाही.

तिने वर एक ओळ घातली: शून्य उरलं, तर… आणि थांबली, कारण या जागेवर ठेवायला चिठ्ठी नव्हती.

[दृश्य: वहीचं पान फाडणारे हात.]

सातवी चिठ्ठी तयार होतेय. तिच्यावर काय लिहिलं ते आमच्या कॅमेऱ्यात आलं नाही. हात मध्ये आला.