अक्षरांतून विषाणूचा माग

पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत आहेत. ए, सी, जी आणि टी या चार अक्षरांखेरीज त्यांत काहीही नाही. यांतील प्रत्येक ओळ म्हणजे एका रुग्णाच्या रक्तातून मिळालेल्या एचआयव्हीचा जनुकीय क्रम, म्हणजे त्याच्या जनुकीय घटकांची अक्षरांत लिहिलेली ओळीने मांडणी असून, पूर्ण लिहिला तर तो साधारण 9,700 अक्षरांचा भरतो. ओळी एकाखाली एक नीट जुळवून ठेवल्या, की एखाद्या जागी बाकी सगळीकडे ए असताना एकाच ओळीत जी दिसतो. नक्कल करताना विषाणू चुकला, ती ही जागा. जुन्या पोथ्यांचे पाठभेद लावणारा संशोधक समान चुकांवरून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली गेली हे सांगतो, त्याचप्रमाणे बायोइन्फॉर्मेटिक्सचा, म्हणजे संगणकाने जनुकीय माहिती तपासणाऱ्या शास्त्राचा, अभ्यासक या चुकांवरून विषाणूंचा वंशवृक्ष रचतो.

तुलिओ डी ओलिव्हेरा यांनी हे काम आयुष्यभरासाठी पत्करले. त्यांचा जन्म ब्राझीलचा. 1997 साली ते दक्षिण आफ्रिकेत आले, तेव्हा वर्णद्वेषी राजवट संपून अवघी तीन वर्षे झाली होती आणि क्वाझुलू-नाताळ प्रांतात एचआयव्ही घराघरांत पोहोचू लागला होता. दरबानच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी पीएचडीसाठी विषय घेतला तो याच विषाणूच्या जनुकीय विश्लेषणाचा. ज्याचे क्रम आपण वाचतो आहोत तो आजार याच शहरात माणसे मारतो आहे, ही जाणीव त्यांच्या पुढच्या सगळ्या निवडींमागे दिसते.

पीएचडीनंतर ते ऑक्सफर्डला गेले आणि तेथे एका खटल्याचा प्रश्न त्यांच्या टेबलावर आला. लिबियातील बेंगाझी शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात 400हून अधिक बालकांना एचआयव्हीची लागण झाली होती. मार्च 1998मध्ये तेथे रुजू झालेल्या परदेशी वैद्यकीय चमूतील पाच बल्गेरियन परिचारिका आणि एक पॅलेस्टिनी डॉक्टर यांनी ती मुद्दाम केली, असा आरोप ठेवून 2004 साली त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला होता. फेरसुनावणी चालू असताना डी ओलिव्हेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, उपचारांसाठी युरोपात आणलेल्या मुलांच्या नमुन्यांतील विषाणूचे क्रम तपासायला घेतले.

त्यांची रीत समजून घेण्याजोगी आहे. विषाणूत बदल ठरावीक गतीच्या आसपास साठत जातात. दोन मुलांच्या विषाणूंत किती अक्षरे वेगळी आहेत हे मोजले आणि ती गती ठाऊक असली, तर त्या दोघांचा समान पूर्वज किती काळापूर्वी होता याचा अंदाज बांधता येतो. यालाच रेण्वीय घड्याळ म्हणतात. हे घड्याळ काही मिनिटकाट्याने चालत नाही, त्यामुळे संशोधकांनी गणिताची वेगवेगळी प्रारूपे लावून पाहिली. कोणतेही प्रारूप घेतले तरी उत्तर एकाच बाजूला झुकत होते: हा विषाणू रुग्णालयात आणि परिसरात मार्च 1998च्या आधीपासून फिरत होता. त्याचे जवळचे नातलग पश्चिम आफ्रिकेत सापडत होते. शिवाय अनेक मुलांना हिपॅटायटिस सीचीही लागण झालेली होती आणि तो विषाणूही तितकाच जुना निघाला. रुग्णालयातील संसर्गनियंत्रणच बराच काळ ढासळलेले असावे, याकडे हे सारे बोट दाखवत होते.

डिसेंबर 2006च्या सुरुवातीला हा निष्कर्ष ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांत, 19 डिसेंबरला, न्यायालयाने पुन्हा मृत्युदंडच सुनावला. आरोपींची सुटका झाली ती जुलै 2007मध्ये, दीर्घ राजनैतिक वाटाघाटींनंतर. विज्ञानाने खटला जिंकला असे म्हणता येणार नाही. तरीही संगणकासमोर बसून केलेल्या विश्लेषणाच्या दुसऱ्या टोकाला तुरुंगात बसलेली सहा माणसे होती, आणि आमच्या मते या कारकिर्दीची दिशा समजून घ्यायची असेल तर या प्रकरणापाशीच थांबायला हवे.

डी ओलिव्हेरा पुन्हा क्वाझुलू-नाताळला परतले. प्रांताच्या ग्रामीण भागातील सुमारे 1,600 जणांच्या विषाणूंचे क्रम वापरून केलेला त्यांच्या गटाचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. पंचविशीच्या आतील तरुणींना लागण होते ती सरासरी 8.7 वर्षांनी मोठ्या पुरुषांकडून, त्या पुरुषांना ती झालेली असते त्यांच्याच वयाच्या स्त्रियांकडून, आणि आजच्या तरुणी वयाने वाढल्या की याच साखळीत पुढची कडी होतात, असे चक्र त्यातून उलगडले. प्रतिबंधाचे काम केवळ मुलींना उपदेश करून भागणारे नाही, पंचविशी ते चाळिशीच्या पुरुषांपर्यंत तपासणी आणि औषधे पोहोचली पाहिजेत, हे यातून आकड्यांनिशी मांडता आले.

त्याच वर्षी दरबानमध्ये त्यांनी क्रिस्प हे जनुकीय क्रमनिर्धारणाचे केंद्र उभे केले. नमुने परदेशी पाठवून उत्तराची वाट पाहायची नाही, हा त्यामागचा विचार होता. 2020च्या मार्च-एप्रिलमध्ये दरबानच्या एका खासगी रुग्णालयात कोविडचा उद्रेक झाला. 39 रुग्ण आणि 80 कर्मचारी बाधित झाले, 15 रुग्ण दगावले. वॉर्डांतील हालचालींच्या नोंदी आणि विषाणूंचे क्रम शेजारी ठेवल्यावर, बहुधा एकाच शिरकावातून हे सगळे घडले आणि संसर्ग डायलिसिस विभागापर्यंत गेला, हे स्पष्ट झाले.

पुढे देशभरातील प्रयोगशाळांचे जाळे विणले गेले. 18 डिसेंबर 2020 रोजी या जाळ्याने नंतर बीटा म्हणून ओळखला गेलेला कोविड विषाणूचा उपप्रकार जाहीर केला. वर्षभराने, नोव्हेंबर 2021मध्ये, गाउटेंग प्रांतातील एका प्रयोगशाळेला पीसीआर चाचण्यांत खटकणारी गोष्ट दिसली. विषाणूच्या तीन खुणांपैकी दोन उमटत होत्या, स्पाइक जनुकाची, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरील काट्यांसारखे प्रथिन घडवणाऱ्या जनुकाची, खूण मात्र गायब होती. नमुन्यांचे क्रम काढल्यावर एकट्या स्पाइक प्रथिनात 30हून अधिक बदल दिसले. वंशवृक्षावर ही फांदी डेल्टातून फुटलेली नव्हती, बीटातूनही नव्हती. ती एकटीच, लांब वाढलेली होती. त्याच सुमारास बोट्सवानात सिखुलिले मोयो यांच्या गटालाही तोच विषाणू आढळला होता.

25 नोव्हेंबरला डी ओलिव्हेरा यांनी आरोग्यमंत्र्यांसोबत हे जगाला सांगितले. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे नाव ओमिक्रॉन ठेवले, आणि देशामागून देश दक्षिण आफ्रिकेची विमाने बंद करू लागले. क्रमनिर्धारणाची रसायनेही विमानानेच येत असल्यामुळे ज्यांनी इशारा दिला त्यांचाच साठा आटू लागला. प्रामाणिकपणाची ही किंमत अन्याय्य होती, असे आम्हांला वाटते. महाराष्ट्रासह सगळ्या भारताला डेल्टाच्या लाटेत न मिळालेली थोडी उसंत ओमिक्रॉनच्या वेळी मिळाली, ती याच घोषणेमुळे.

आता डी ओलिव्हेरा केप टाउनजवळच्या स्टेलनबॉश विद्यापीठातील सेरी या केंद्राचे काम पाहतात. आफ्रिकेतील निरनिराळ्या देशांतून तरुण संशोधक तेथे क्रम काढायला आणि वाचायला शिकण्यासाठी येतात. बीटावरील शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका हुरिया तेगली याच गटातल्या, मूळच्या मॉरिशसच्या. 2022 साली आफ्रिकेतून गोळा झालेल्या कोविड विषाणूच्या पहिल्या 1,00,000 जिनोमचा, म्हणजे संपूर्ण जनुकीय क्रमांचा, आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हाही पहिले नाव त्यांचेच होते. आज त्यांच्या पडद्यावर डेंग्यू आणि चिकुनगुन्याचे क्रम आहेत.