तांब्याच्या थरातलं चुंबकत्व

चुंबकत्व हा अतिसंवाहकतेचा, म्हणजे अजिबात रोध न होता वीज वाहण्याच्या गुणाचा वैरी, असं आपण शिकत आलो, आणि ते खरंही आहे. लँथेनम हा धातू ६ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतो. त्यात शंभरात एखादा गॅडोलिनियमचा चुंबकीय अणू मिसळला, की तो गुण जवळजवळ नाहीसा होतो. पण १९८६ मध्ये झुरिकजवळ बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांना ३० केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होणारं जे ऑक्साइड सापडलं, ते लँथेनम, बेरियम आणि तांब्याचं. त्यातलं बेरियम काढा. उरतं ते विद्युतरोधक, आणि पक्कं चुंबकीय! ही चुंबकीय शिस्त सुमारे ३२५ केल्विनपर्यंत, म्हणजे या सभागृहाच्या तापमानालाही टिकते.

घन पदार्थांतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांचं नेहमीचं गणित (बँड थिअरी) सांगतं, की हा पदार्थ धातू असायला हवा. ते चुकतं, कारण तांब्याच्या एकाच अणूवर दोन इलेक्ट्रॉन आले तर ते एकमेकांना जबर ढकलतात. हबर्ड यांच्या १९६३च्या मॉडेलमध्ये एवढंच आहे: शेजारी उडी मारण्याची ऊर्जा टी, आणि एका घरात, म्हणजे एका अणूवर, दोघे आल्याचा दंड यू. दंड मोठा, म्हणून सगळे आपापल्या जागी अडकतात. तरी क्षणभर शेजारी डोकावून परत येता येतं. मात्र शेजाऱ्याचा स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या इवल्या चुंबकाची दिशा, उलटा असेल तरच. त्यातून थोडी ऊर्जा वाचते, म्हणून शेजारी-शेजारी स्पिन उलटसुलट लागतात. तांब्याच्या अणूंचा सपाट थर म्हणजे बुद्धिबळाचा पट समजा: काळ्या घरांत वर, पांढऱ्या घरांत खाली.

आता एक इलेक्ट्रॉन काढून घ्या; बेरियम मिसळल्यावर हेच होतं. काळं घर रिकामं झालं, तिथे पोकळी आली. बाजूच्या पांढऱ्या घरातला ‘खाली’ स्पिन तिथे उडी मारतो. आणि आता त्याचे उरलेले तिन्ही शेजारी त्याच्याच दिशेचे! पोकळी जसजशी सरकते, तसतसा मागे बिघडलेल्या स्पिनांचा माग राहतो. दुसरी पोकळी त्याच मागावरून आली तर बिघाड दुरुस्त होतो. अतिसंवाहकतेला जोड्या लागतात, आणि जोडी जमण्याचं एक कारण इथे दिसतं. चित्र अपुरं आहे, हे मान्य. शेजारचे स्पिन आपसांत अदलाबदल करून तो माग स्वतःच बुजवतात. अँडरसन यांनी १९८७ मध्ये ही अदलाबदलच मुख्य मानली: स्पिनांच्या जोड्या आधीपासूनच असतात, पोकळ्या आल्या की त्या वाहू लागतात. ही कल्पना गणितात उतरवणाऱ्यांत आपले जी. बास्करन होते.

मॉडेल इतकं साधं, मग सुटत का नाही? एका घराच्या चार अवस्था. चार बाय चारच्या तुकड्याला सुमारे ४२९ कोटी, सहा बाय सहाला बावीस आकडी संख्या. एका मितीत लीब आणि वू यांनी १९६८ मध्ये अचूक उत्तर काढलं. दोन मितींत ते आजही नाही. तरी २०१७ मध्ये वेगवेगळ्या संगणकीय पद्धती एका उत्तरावर आल्या: आठ घरांमागे एक पोकळी असेल, तर पोकळ्या पट्ट्यांत गोळा होतात. असे पट्टे ट्रँक्वाडा यांच्या गटाला तांब्याच्या खऱ्या ऑक्साइडवरच्या न्यूट्रॉनच्या प्रयोगात १९९५ मध्येच दिसले होते. माझ्या मते या मॉडेलच्या बाजूने याहून बोलका पुरावा नाही.

पण निव्वळ टी आणि यू घेतले, तर पोकळ्यांच्या त्या प्रमाणाच्या आसपास पट्टे अतिसंवाहकतेला दाबून टाकतात. तिरप्या घरात उडी मारण्याची छोटीशी मुभा जोडली, की दोन्ही एकत्र नांदतात, असं २०२४ च्या गणनेत दिसलं. पट्टे आणि अतिसंवाहकता यांच्या ऊर्जांतला फरकच इतका बारीक आहे, की मूळ मॉडेलमध्ये किरकोळ म्हणून गाळलेली ती तिरपी उडी निकाल फिरवते.