तुटलेल्या सुईची टोकं

बांधकामासाठी ओतलेला वाळूचा ढीग दिसला की त्यात चुंबक फिरवून बघाच. काळे कण मिशांसारखे चिकटून वर येतात. ते बहुतेक मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे असतात. जरा जवळून बघा. झुबके सगळे टोकांना, मधला भाग जवळजवळ कोरा. ही टोकं म्हणजे चुंबकाचे ध्रुव.

आता दोन पट्टीचुंबक घेऊ. उत्तर ध्रुवासमोर दक्षिण ध्रुव आणला की टक्‌कन चिकटतात. उत्तरासमोर उत्तर आणा... मध्ये काहीच दिसत नाही, तरी बोटांना रेटा जाणवतो. साधा खिळा मात्र दोन्ही टोकांना चिकटतो, कधीच दूर ढकलला जात नाही. म्हणून चुंबकाची खरी पारख ओढण्यात नाही, ढकलण्यात आहे.

आता माझा सगळ्यात लाडका प्रयोग. शिवणाच्या सुईवरून चुंबकाचं एकच टोक, एकाच दिशेने, ३०-४० वेळा घासा. परत येताना चुंबक उचलून घ्यायचा. कागदाच्या कपट्यावर सुई ठेवून काचेच्या वाडग्यातल्या पाण्यात सोडा. ती हळूच वळते, डुलते आणि दक्षिणोत्तर थांबते. सुईचा चुंबक झाला!

ही सुई फडक्यात गुंडाळून, मोठ्या माणसाकडून पकडीने मधोमध तोडून घ्या. एका तुकड्यात नुसता उत्तर ध्रुव राहिला, दुसऱ्यात नुसता दक्षिण? छे! दोन्ही तुकडे पाण्यावर दक्षिणोत्तरच थांबतात. पोलादात असंख्य सूक्ष्म चुंबकी भाग असतात, आधी वाटेल त्या दिशेला तोंड केलेले. घासल्यावर त्यांची रांग लागते. रांग मधून तोडली तरी प्रत्येक तुकड्याला पुढचं टोक असतं आणि मागचंही. सुई लालबुंद तापवली, तर मात्र रांग विस्कटते.

पण सुई उत्तरेकडेच का वळते? कारण पृथ्वीच एक प्रचंड चुंबक आहे. विल्यम गिल्बर्ट या इंग्रज शास्त्रज्ञाने हे १६०० साली मांडलं. गंमत बघा, सुईचा उत्तर ध्रुव तिकडे ओढला जातो, म्हणजे पृथ्वीच्या उत्तरेला या चुंबकाचा दक्षिण ध्रुव असला पाहिजे. आणि तसाच तो आहे.

हा चुंबक मोजायचं काम मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चालू होतं. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेने मोजमाप बिघडलं असतं, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला नेली. तिथे आजही पृथ्वीच्या चुंबकाची नोंद होते, रोज.