दारावरचा आकडा

(पडद्यावर : भर उन्हातला सरळ, मोकळा महामार्ग. फक्त टायरचा आवाज.)

आधी गाडी थरथरायला लागते. मागच्या सीटखाली कुणी मुठीने ठोकावं तशी धपधप सुरू होते. चालकाला वाटतं, रस्ताच खराब असेल. वेग तसाच राहतो. मग काहीतरी फाटल्यासारखा मोठा आवाज येतो आणि आरशात एक काळा, लांबलचक पट्टा उडताना दिसतो. टायरची वरची अख्खी साल निघून गेलेली असते. गाडी मागून एका अंगाला ओढली जाते, चालक घाबरून स्टिअरिंग उलट मारतो, आणि उंच गाडी पलटी होते.

जे वाचले त्यांची हकिकत थोड्याफार फरकाने हीच होती. टेक्सासमध्ये हीच, ॲरिझोनात हीच, फ्लोरिडात हीच. पुढे सौदी अरेबियात आणि व्हेनेझुएलातही हीच. गाडी फोर्ड एक्स्प्लोरर. टायर फायरस्टोनचे.

(पडद्यावर : १९९० च्या सुमाराची अमेरिकन वसाहत. घरापुढे उभी एसयूव्ही.)

मार्च १९९० मध्ये एक्स्प्लोरर बाजारात आली. चार दारं, ऐसपैस डिकी, उंचावर बसल्याचं समाधान. मुलांना शाळेत सोडायचं, शनिवारी सामान भरून डोंगराकडे जायचं, अशा घरांनी ती डोक्यावर घेतली. बघता बघता ती अमेरिकेतली सर्वाधिक खपाची एसयूव्ही झाली. लोकांनी ती कार म्हणून घेतली, पण तिचा सांगाडा होता रेंजर या पिकअप ट्रकचा. गाडी उंच, आणि उंचीच्या मानाने दोन्ही बाजूंच्या चाकांतलं अंतर कमी. तिच्या आधीची फोर्डची छोटी एसयूव्ही, ब्रॉन्को टू, पलटी होण्यासाठी आधीच बदनाम झालेली होती.

त्यामुळे फोर्डच्या इंजिनिअरांना धोका ठाऊक होता. गाडी बाजारात येण्याआधीच्या चाचण्यांत, झटक्यात वळण घेतलं की चाकं जमिनीवरून उचलली जात होती. उपाय कोणते, याची चर्चा झाली. चाकांतलं अंतर वाढवता आलं असतं. इंजिन खाली बसवता आलं असतं. पण गाडीचा आराखडा ठरलेला होता, कारखान्याची तयारी झालेली होती, तारीख जवळ आली होती. मग स्प्रिंगमध्ये थोडा फेरफार केला गेला आणि टायरमधली हवा कमी करायचं ठरलं. मऊ टायरची पकड जरा ढिली होते, त्यामुळे झटक्यात वळताना गाडी कलंडण्याऐवजी घसरते. शिवाय गाडी चालायलाही मऊ लागते.

तो आकडा होता २६ पीएसआय (टायरमधल्या हवेचा दाब मोजायचं एकक). चालकाच्या दाराजवळच्या खांबावर लावलेल्या स्टिकरवर तो छापला गेला.

(पडद्यावर : उघडं दार, खांबावरचा स्टिकर. कॅमेरा हळूहळू आकड्याजवळ.)

या आकड्यापाशी थोडं थांबावं लागेल, कारण पुढचं सगळं इथून सुरू होतं.

रेडियल टायर कापला तर आत पदर दिसतात. आतल्या कापडी थरावर पोलादी तारांचे दोन पट्टे असतात, एकावर एक, आणि त्यांच्यावर आपण नक्षी म्हणतो तो जाड रबर. हे सगळं उष्णता आणि दाब देऊन एकजीव केलेलं असतं. टायर फिरतो तेव्हा त्याचा जमिनीला टेकलेला भाग प्रत्येक फेरीत दबतो आणि पुन्हा सुटतो. मिनिटाला शेकडो वेळा. हवा जितकी कमी तितकं हे दबणं जास्त, आणि दबणं जितकं जास्त तितकी उष्णता जास्त. सर्वांत जास्त ताण येतो पोलादी पट्ट्यांच्या कडेला. तिथे एक बारीक चीर पडते आणि दोन पट्ट्यांच्या मधून सरकत जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. नक्षी शाबूत, हवा जागेवर. घडीच्या पोळीचे पदर सुटावेत तसा एक दिवस वरचा पट्टा नक्षीसकट सुटतो आणि चाकाच्या वेगाने भिरकावला जातो.

आता या टायरमध्ये मुळातच २६ पीएसआय हवा आहे असं धरा. टायरमधली हवा आपोआप महिन्याला साधारण एक पीएसआयने उतरते. तीन-चार महिने कुणी बघितलं नाही तर २२ वर आली. कुटुंब सुट्टीला निघालं. पाच माणसं, डिकी भरलेली, वर कॅरिअरवर बॅगा. बाहेर टेक्सासचा जुलै. या माणसाने काय चूक केली? दारावर लिहिलं होतं तेच त्याने मानलं. कंपनीने त्याच्यासाठी राखीव ठेवलेली जागाच इतकी कमी होती की साध्या दुर्लक्षालाही तिथे माफी नव्हती.

हे सांगताना मला आपल्याकडचा पेट्रोल पंप आठवतो. हवा भरणारा पोरगा पाइप हातात घेऊन विचारतो, "किती टाकू, काका?" आणि आपण सीटवर बसूनच सांगतो, "टाक ३२ सगळीकडे." दार उघडून स्टिकर वाचताना मी क्वचितच कुणाला पाहिलंय. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, रस्ता काँक्रीटचा, आणि विदर्भातलं मे महिन्याचं ऊन आपल्याला ठाऊक आहे. पट्ट्याच्या कडेला बसलेली ती बारीक चीर टेक्सास आणि बुलढाणा असा फरक करत नाही.

(पडद्यावर : फायलींचा ढीग. टाइप केलेली पत्रं.)

तक्रारी येत होत्या. याच भागाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं.

ज्याचा टायर सोलला गेला त्याला सांगितलं जायचं : हवा कमी ठेवली असेल, वजन जास्त भरलं असेल, वेग जास्त असेल, आधी कधीतरी दगडावर आदळला असेल. प्रत्येक माणूस एकटा होता. आपल्यासारखेच आणखी शेकडो आहेत हे त्याला कळायला वाव नव्हता. काही कुटुंबं कोर्टात गेली. कंपन्यांनी तडजोडी केल्या, पैसे दिले आणि अनेक प्रकरणांत कागदपत्रं गोपनीय राहतील अशी अट घातली. काही वकिलांनीही आपल्याकडची माहिती सरकारकडे नेली नाही. चौकशी होऊन फाइल बंद झाली तर अशिलाचा दावा कमजोर पडेल, ही त्यांची भीती होती. त्यांच्या अशिलाच्या बाजूने ते बरोबर असेलही. पण त्याच काळात लोक नवे कोरे टायर समजून तेच टायर घेऊन रस्त्यावर उतरत होते.

१९९८ मध्ये स्टेट फार्म या विमा कंपनीतल्या एका संशोधकाच्या लक्षात आलं की आपल्याकडे आलेल्या दाव्यांत फायरस्टोनच्या एकाच प्रकारच्या टायरची २१ प्रकरणं आहेत. त्याने ती अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेला, म्हणजे एनएचटीएसएला, कळवली. चौकशी उघडली गेली नाही.

१९९९ मध्ये फोर्डने सौदी अरेबियात आणि आखातातल्या इतर देशांत विकलेल्या एक्स्प्लोररचे टायर बदलून द्यायला सुरुवात केली. पुढे मलेशिया, थायलंड आणि व्हेनेझुएलातही. परदेशातल्या अशा मोहिमेची खबर अमेरिकन सरकारला देण्याचं बंधन तेव्हाच्या कायद्यात नव्हतं, आणि ती दिली गेली नाही. रियाधमधल्या गाडीला नवे टायर मिळाले. ह्यूस्टनमधल्या गाडीला नाही.

फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टनच्याच केएचओयू या स्थानिक वाहिनीने हे प्रकरण दाखवलं. बातमी मोठी नव्हती, नऊ-दहा मिनिटांची. त्यानंतर फोन सुरू झाले. "माझ्याबाबतीतही असंच झालं." "आमच्या मुलीच्या गाडीलाही." इतकी वर्षं विखुरलेल्या तक्रारी पहिल्यांदाच एका ठिकाणी गोळा झाल्या. मे महिन्यात एनएचटीएसएने चौकशी सुरू केली, आणि ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले.

(पडद्यावर : टायरच्या दुकानापुढची रांग. गाडीखाली टॉर्च घेऊन वाकलेला माणूस.)

इतके नवे टायर कुणाकडेच तयार नव्हते. उष्ण राज्यांना आधी मिळतील असं ठरलं : ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टेक्सास. बाकीच्यांना थांबायचं होतं. लोक आपापल्या अंगणात गाडीखाली शिरत होते. टायरवर एक सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो, त्याची पहिली दोन अक्षरं म्हणजे कारखान्याची खूण. व्ही आणि डी दिसली की टायर इलिनॉय राज्यातल्या डेकेटर कारखान्यातला, आणि सर्वाधिक तक्रारी तिथल्याच टायरच्या होत्या. हा पूर्ण क्रमांक तेव्हा टायरच्या एकाच बाजूला असे, आणि बरेचदा ती बाजू आत बसवलेली असे. म्हणून पाठीवर झोपून, टॉर्च धरून, धुळीने माखलेल्या रबरावर अंगठा घासून आपल्या घराचं नशीब वाचायचं.

६ सप्टेंबरला अमेरिकन काँग्रेससमोर सुनावण्या झाल्या. फायरस्टोनचे प्रमुख मासातोशी ओनो यांनी माफी मागितली. फोर्डचे प्रमुख जॅक नासर यांचं म्हणणं होतं की हा प्रश्न टायरचा आहे, गाडीचा नाही. फायरस्टोनचं म्हणणं, गाडी अस्थिर आहे, आणि २६ चा आकडा आम्ही दिलेला नाही. आमची शिफारस ३० ची आहे.

दोघांकडेही पुरावे होते. फोर्डने दाखवलं की काही वर्षं एक्स्प्लोररला गुडइयरचे टायरही बसवले होते, हवा तितकीच २६, आणि त्यांच्याबाबत अशी तक्रार जवळपास नव्हती. फायरस्टोनने दाखवलं की तेच टायर रेंजर पिकअपवर इतके बिघडत नाहीत. डेकेटरमध्ये १९९४ पासून मोठा संप झाला होता आणि बदली कामगार आणून कारखाना चालवला होता. प्रिन्स्टन विद्यापीठातले ॲलन क्रूगर आणि अलेक्झांद्र मास या अर्थतज्ज्ञांना पुढे असं आढळलं की त्या संघर्षाच्या काळात बनलेल्या टायरमध्ये दोषांचं प्रमाण जास्त होतं.

एनएचटीएसएने ऑक्टोबर २००१ मध्ये टायरच्या रचनेतच दोष असल्याचा निष्कर्ष काढला आणि आणखी सुमारे ३५ लाख टायर परत मागवावे लागले. गाडीची चौकशी करा, ही फायरस्टोनची मागणी फेब्रुवारी २००२ मध्ये फेटाळली गेली. एक्स्प्लोरर तिच्या वर्गातल्या इतर एसयूव्हींपेक्षा वेगळी नाही, असं एनएचटीएसएचं मत पडलं. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटलं. मला मात्र ते मत पुरेसं वाटत नाही. सदोष टायर हे अपघाताचं कारण होतं हे खरं. पण टायर सुटला तर गाडी रस्त्याकडेला थांबते की पलटी होते, हे गाडीवर ठरतं, आणि टायरला आधीच कमी हवेवर उभं केलं होतं ते गाडी सावरण्यासाठीच.

एनएचटीएसएच्या नोंदीत या टायरशी जोडलेले अमेरिकेतले २७१ मृत्यू आहेत. जखमी ८०० च्या वर.

(पडद्यावर : हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन यांचं जुनं छायाचित्र.)

या दोन कंपन्यांचं नातं घरचं होतं. १९०६ पासून फोर्डला फायरस्टोनचे टायर. हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन जिवलग मित्र. १९४७ मध्ये फोर्डच्या नातवाचं लग्न फायरस्टोनच्या नातीशी झालं. १९८८ मध्ये जपानच्या ब्रिजस्टोनने फायरस्टोन विकत घेतली तरी व्यवहार चालू राहिला. मे २००१ मध्ये फायरस्टोनने पत्र लिहून हे नातं तोडलं. दुसऱ्याच दिवशी फोर्डने आणखी १ कोटी ३० लाख टायर स्वतःच्या खर्चाने बदलण्याची घोषणा केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नासर यांचं पद गेलं. त्यांच्या जागी बिल फोर्ड आले, त्याच लग्नातून जन्मलेला मुलगा. डिसेंबरमध्ये डेकेटरचा कारखाना बंद झाला आणि सुमारे दीड हजार कामगार घरी बसले. संपात उतरलेले, संपानंतर परत आलेले, सगळेच.

कायदा मात्र झपाट्याने बदलला. १ नोव्हेंबर २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली. दावे, तक्रारी आणि परदेशातल्या मोहिमा यांची माहिती सरकारला देणं कंपन्यांवर बंधनकारक झालं. आज अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखी पिवळी खूण उजळते, मधोमध उद्गारचिन्ह. टायरमधली हवा उतरल्याचा तो इशारा अमेरिकेत सक्तीचा झाला तो याच कायद्यामुळे.

भारतात २०१२ पासून वाहन उत्पादकांची स्वेच्छेची संहिता होती. गाडी परत मागवण्याचा अधिकार सरकारला मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने मिळाला, कलम ११०अ, आणि तो १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. मालक आता वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतो. तुमच्या नव्या गाडीत काही खटकलं तर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बोलून थांबू नका, तिथेही लिहा. तीच तक्रार आणखी कुणीतरी करतंय का, हे जोडून बघणारी जागा तीच आहे.

(पडद्यावर : कारखान्यातून बाहेर पडणारी नवी एक्स्प्लोरर. समोरून, दोन्ही चाकं दिसतील अशी.)

२००२ सालची एक्स्प्लोरर नव्या आराखड्यावर बांधलेली होती. तिची दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून आधीच्यापेक्षा अडीच इंच लांब बसवली होती.