खाच पुढेच जुळवायची

(सातपूर येथे आयटीआयचे विद्यार्थी आणि गॅरेजचालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज मी एकाच नटाबद्दल बोलणार आहे. टायरॉडच्या टोकाला असतो तो कॅसल नट. माथ्यावर सहा खाचा, बोल्टला आरपार भोक, आणि दोन्ही जुळले की त्यातून घालायची स्प्लिट पिन, म्हणजे दोन पायांची पिन. लासलगावहून कांदा भरून निघालेली गाडी कसारा घाट उतरते, तेव्हा ड्रायव्हरच्या हातातलं चाक आणि रस्त्यावरचं चाक यांना जोडणाऱ्या साखळीतली ही एक कडी असते. एवढ्या छोट्या नटाला आख्खं व्याख्यान कशाला, असं कुणाला वाटत असेल, तर त्याने जरा दम धरावा.

नेमकं काय होतं ते बघा. मुलगा मॅन्युअल उघडून टॉर्कचा, म्हणजे नट किती जोराने पिळायचा त्याचा, आकडा बघतो, टॉर्क पाना लावतो, पाना ‘कट्’ करून वाजतो. इथपर्यंत सगळं बरोबर. मग तो पिन घालायला जातो, तर भोक अर्धं दिसतंय आणि अर्धं नटाच्या दाताने झाकलंय. पिन काही जात नाही. आता नट पुढे घ्यायचा की मागे? पुढे घ्यायला जोर लागतो आणि मनात भीती असते की टॉर्क जास्त होईल. मागे घेणं सोपं. म्हणून तो पाना उलटा फिरवतो, नट जरासा सैल करतो, पिन घालून पाय वाकवतो आणि गाडी सोडतो. बाहेरून बघणाऱ्याला काम चोख दिसतं. पिन आहे म्हणजे नट निघून पडणार नाही, हेही खरं. पण सांध्यातला ताण मात्र त्याने काढून टाकलेला असतो.

ताण म्हणजे काय ते आधी पक्कं करू. आपण नट आवळतो तेव्हा बोल्ट लांबतो. डोळ्यांना दिसत नाही, पण लांबतो. द्राक्षबागेत मांडवाची तार ताणतो तसंच हे आहे. तार जोवर ताणलेली, तोवर मांडव उभा. बोल्ट पुन्हा आखूड व्हायला बघतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. आपल्याला हवी असते ती ही ओढ. टॉर्क हा तिथवर जायचा आपला रस्ता, आणि तोही फारसा सरळ नाही. पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण निम्मा भाग नटाच्या बुडाखाली घासण्यात जातो, 40 टक्क्यांच्या आसपास आट्यांमध्ये घासण्यात जातो. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा.

आता हिशेब करू, म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. 12 मिलिमीटरचा, 8.8 ग्रेडचा (ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा दर्जा), जाड आट्यांचा साधा बोल्ट घ्या. कोरडा असताना त्याला 88 न्यूटन-मीटरच्या जवळपास टॉर्क दिला, तर त्यात सुमारे पावणेचार टनांची ओढ तयार होते. पकडलेल्या भागांची जाडी 40 मिलिमीटर धरली, तर एवढ्या ओढीने बोल्ट लांबतो किती? 0.09 मिलिमीटर. एका मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा नाही! आणि या आट्यांवर नट अर्धी खाच, म्हणजे 30 अंश, मागे घेतला तर तो किती सरकतो? एका फेऱ्याला 1.75 मिलिमीटर, म्हणजे 30 अंशांना जवळपास 0.15. बोल्ट जेवढा लांबला होता त्याहून जास्त तुम्ही नट मागे नेलात. पकडलेले भागही थोडे दबलेले असतात, त्यांची भर धरली तरी बहुतेक ओढ गेलीच. फळ्यावरचे हे दोन आकडे, 0.09 आणि 0.15, वहीत लिहून घ्या. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

म्हणून खाच पुढेच जुळवायची. मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा एकच आकडा नसतो, किमान आणि कमाल अशी मर्यादा असते. किमान टॉर्कला थांबा, भोक बघा, आणि पुढची खाच येईपर्यंत आवळत जा. कमाल आकडा गाठला तरी खाच जुळली नाही, तर नट पूर्ण काढा, वॉशर किंवा नट बदला आणि पहिल्यापासून सुरू करा. त्यात दहा मिनिटं जातात. जाऊ द्या. वॉशरची जाडी थोडी वेगळी असली तरी खाच दुसरीकडे येते.

देवळालीचे काही निवृत्त जवान समोर बसलेत, त्यांच्या ओळखीचं उदाहरण देतो. एम-16 जातीच्या रायफलीत नळी धरून ठेवणारा बॅरल नट असतो, त्यालाही खाचा असतात, आणि गॅसची नळी त्यातल्या एका खाचेतून जाते. तिथे किमान 30 आणि कमाल 80 फूट-पौंड अशी मर्यादा दिलेली आहे. एवढी रुंद का? पुढची खाच सापडायला वाव मिळावा म्हणून. आर्मोररला, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याला, तिथेही मागे यायची मुभा नाही.

आता याच्या अगदी उलट गोष्ट सांगतो, कारण नियम नुसता पाठ केलात तर इथे फसाल. ट्रॉलीच्या चाकाच्या हबमध्येही दिसायला तसाच कॅसल नट असतो. आत टेपर रोलर बेअरिंग. तिथे चाक फिरवत नट आवळायचा, बेअरिंग नीट बसू द्यायचं, आणि मग नट मागे घेऊन खाच जुळवायची. तिथे पुढे घेतलात तर बेअरिंग जाम होऊन तापेल, जळेल. कारण तो नट ओढ देण्यासाठी नसून बेअरिंगला नेमकी मोकळीक ठेवण्यासाठी आहे. नट तोच, पिन तीच, काम वेगळं. पाना उचलण्याआधी स्वतःला विचारा, हा नट इथे कशासाठी आहे?

तेलाबद्दल. बोल्टला ऑइल लावून तोच कोरड्याचा टॉर्क दिला, तर घर्षण कमी झाल्यामुळे ओढ पावणेचार टनांवरून पाच टनांच्या घरात जाते. या बोल्टला पेलायची ती शेवटची हद्द. मॅन्युअल कोरडं म्हणत असेल तर कोरडं, ग्रीस म्हणत असेल तर सांगितलेलंच ग्रीस.

एककं बघत जा. 88 न्यूटन-मीटर, 9 किलोग्रॅम-मीटर आणि 65 फूट-पौंड हे एकच आहे. पान्यावर दोन पट्ट्या कोरलेल्या असतात, चुकीच्या पट्टीवर नजर गेली की काम बिघडलं.

पान्याला पुढे जोड लावलीत तर आकडा बदलतो. पाना 400 मिलिमीटरचा आणि सरळ रेषेत 100 ची जोड असेल, तर 100 न्यूटन-मीटर हवे असताना पान्यावर 80 लावा. जोड काटकोनात लावली तर फरक पडत नाही. पाना वाजला की थांबा, खात्रीसाठी पुन्हा पुन्हा ‘कट् कट्’ करू नका, दर वेळी नट थोडा पुढे जाऊ शकतो. काम झालं की पाना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. वर्षातून एकदा किंवा 5000 वेळा वापरून झाल्यावर, जे आधी येईल तेव्हा, तो तपासून घ्या.

मघाशी एकाने विचारलं, जुनी पिन सरळ करून वापरली तर? नाही. एकदा वाकवलेला पाय पुन्हा वाकवला की तिथेच चिरतो. खिळा किंवा तार तर मुळीच नको. नवी पिन, भोकात बसेल त्या मापाची, एक पाय बोल्टच्या टोकावर आणि दुसरा नटाच्या बाजूला दाबून. मग नट आणि बोल्ट या दोन्हींवरून पेंटची एक सलग रेघ ओढा. गाडी पुढच्या वेळी आली की आधी ती रेघ बघायची. तुटलेली दिसली, तर नट हलला आहे, आणि मग तो सांधा पूर्ण उघडायचा.