दहा हजार पॅनेल, प्रत्येक वेगळं

[दृश्य: भिंतीवरून अगदी जवळून सरकणारा कॅमेरा]

ही भिंत नीट बघा. करडट पांढरी, आणि अंगभर खळगे. एखादा जेमतेम 4 सेंटिमीटरचा, शेजारचा 16 सेंटिमीटरचा. कुठे उथळ, कुठे बोट आत जाईल इतका खोल. एका सभागृहात असे सुमारे 10 लाख खळगे आहेत आणि त्यातला एकही कुणी हाताने काढलेला नाही.

[दृश्य: हॅम्बुर्ग बंदर, विटांचं गोदाम आणि वरची काचेची इमारत]

जर्मनीतल्या हॅम्बुर्गची ही एल्बफिलहार्मोनी, संगीताच्या मैफलींची इमारत. खाली 1960च्या दशकातलं गोदाम. इथं कोको साठवला जायचा. हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस वास्तुरचनाकारांनी त्याच्याच डोक्यावर नवी इमारत चढवली. उंची 110 मीटर. तिच्या लाटेसारख्या छपराचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे आपण सरळ आत जाऊ.

[दृश्य: मोठं सभागृह, वरून]

मधोमध रंगमंच, भोवती चढत्या सज्ज्यांवर 2,100 खुर्च्या. वाद्यवृंदाच्या संचालकापासून सगळ्यात लांबची खुर्चीही साधारण 30 मीटरवर. श्रोत्याची चैनच. ध्वनीचं गणित मात्र इथंच अवघड होतं.

अमेरिकेतल्या बोस्टनचं 1900 सालचं संगीत सभागृह घ्या: लांबट, अरुंद, चौकोनी. तिथं बाजूच्या भिंती जवळ असतात, त्यामुळे त्यांच्यावर आपटलेला आवाज झटकन कानाशी येतो. मूळ आवाजापाठोपाठ सेकंदाच्या साधारण आठ शतांशांत तो पोचला, तर कान दोन्ही एकच धरतो आणि संगीत भरदार लागतं. फार उशिरा आणि जोरात आला, तर तो प्रतिध्वनी. श्रोते चारी बाजूंना बसवले की भिंती लांब जातात. मग भिंतींचं काम सज्ज्यांच्या कठड्यांवर सोपवावं लागतं. बर्लिनच्या फिलहार्मोनीत 1963 मध्ये ते करून दाखवलं गेलं होतं.

हॅम्बुर्गमध्ये ही जबाबदारी जपानी ध्वनितज्ज्ञ यासुहिसा टोयोटा यांच्याकडे होती. कोणता पृष्ठभाग कुठं झुकवायचा, कुठं किती खडबडीत ठेवायचा, हे त्यांनी ठरवायचं. गुळगुळीत भिंत आवाज आरशासारखा एकाच दिशेला फेकते आणि तो कानाला टोचतो. खळगे तो विखरून टाकतात. लाट नीट विखरते ती साधारण तिच्याच मापाच्या खळग्यांवर. 2,000 हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी, म्हणजे एका लाटेची लांबी, 17 सेंटिमीटरच्या आसपास, 8,000 हर्ट्झची 4 सेंटिमीटरच्या थोडी वर. आता खळग्यांची मापं पुन्हा आठवा.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर उलगडणारी पृष्ठभागाची जाळी]

दहा लाख खळग्यांचे नकाशे हाताने काढायला बसलं तर पिढ्या खपतील. म्हणून खळगे काढणारा प्रोग्रॅमच लिहिला गेला. त्याला नियम द्यायचे: मागच्या भिंतीवर खोल, जिथं ध्वनीची गरज कमी तिथं उथळ, आणि सगळीकडे डोळ्याला एकच सलग कातडी दिसली पाहिजे. नियम बदलला की अख्खं सभागृह नव्याने आखलं जातं. त्याच आकड्यांवर मिलिंग यंत्र चालतं. जिप्सम आणि कागदाच्या लगद्याचे तंतू मिळून केलेले जड फलक कोरले जातात; जाडी 35 ते 200 मिलिमीटर. वजन मुद्दाम ठेवलेलं, कारण हलकी भिंत खर्जाबरोबर स्वतःच थरथरते आणि तो खर्ज गिळून टाकते. असे 10,000 फलक, प्रत्येकाचा आकार निराळा, प्रत्येकाची जागा ठरलेली. माझ्या मते संगणकाची खरी कमाल इथं आहे. वेगळेपणाला वेगळी मजुरी पडत नाही. यंत्राला पहिला फलक आणि दहा हजारावा फलक सारखाच.

[दृश्य: सभागृहाची छोटी प्रतिकृती, आत इवल्या बाहुल्या]

आणि एवढं सगळं हाताशी असूनही या मंडळींनी प्रतिकृती बांधलीच. मूळ सभागृहाच्या एक दशांश मापाची, खुर्च्यांवर लोकरी नमद्याच्या बाहुल्या बसवलेली, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. माप दहापट लहान म्हणून चाचणीचे स्वर दहापट उंच. हा खटाटोप का? बऱ्याच संगणकीय पद्धती आवाजाला सरळ जाणारा किरण मानतात. 100 हर्ट्झचा स्वर मात्र साडेतीन मीटरच्या आसपास लांबीची लाट असतो. तो सज्ज्याच्या कठड्याला वळसा घालून जातो. किरण जात नाही. प्रतिकृतीतली हवा हे वळणं शिकवल्याशिवाय करते.

[दृश्य: पोलादी स्प्रिंग, मागे जहाजाचा भोंगा]

बाहेर जहाजांचे भोंगे वाजत असतात. म्हणून साडेबारा हजार टनांचं हे सभागृह 362 स्प्रिंगांवर तोललेलं आहे, बाकीच्या इमारतीपासून अलग.

पैशांचं भाकीत मात्र कुठल्याच प्रोग्रॅमला जमलं नाही. शहराच्या तिजोरीतून 7 कोटी 70 लाख युरो जातील असं सुरुवातीला सांगितलं गेलं होतं. गेले 78 कोटी 90 लाख. मधल्या काळात भांडणापायी दीडेक वर्ष काम ठप्प. 2007 मध्ये सुरू झालेलं बांधकाम संपून पहिली मैफल झाली ती 11 जानेवारी 2017 ला.

[दृश्य: रंगमंचाच्या मागच्या बाजूच्या खुर्च्या]

वाद्यवृंद इथं विलक्षण स्वच्छ ऐकू येतो. काहींना तो जरा जास्तच स्वच्छ वाटतो, कारण एकाची चूकही लपत नाही. खरी पंचाईत झाली जानेवारी 2019 मध्ये. एक नामवंत टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, वाद्यवृंदासह गात असताना रंगमंचामागच्या श्रोत्यांनी ऐकू येत नसल्याची तक्रार चालू कार्यक्रमातच ओरडून केली. कारण साधं आहे. ढोलाचा आवाज सगळीकडे पसरतो. गाणाऱ्याचा, विशेषतः त्यातली शब्दांची धार, तोंड ज्या दिशेला असेल तिकडे जास्त जाते. पाठीमागे उरतो तो वाद्यांचा गलका. खळग्यांनी विखरायला आधी आवाज तिथवर पोचायला हवा. तेव्हा इथं मागच्या बाजूचं तिकीट काढताना कार्यक्रमात गाणं आहे का, ते आधी पाहून घ्यावं.