बुढ्याले समजते का?

(एका गावात, सामूहिक प्रार्थनेनंतर मंदिराच्या ओट्यावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, मघाशी एक काकू म्हणाल्या, “लकवा मारला तवापासून आमच्या बुढ्याले काहीच समजत नाही, डॉक्टर.” मी विचारलं, जेवायला हाक मारली की येतात? “येते ना.” आता ते शब्द ऐकून येतात की ताट पाहून, हे तपासावं लागेल. काहींचं बोलणं अडतं पण समज शाबूत असते. काहींना ऐकलेले शब्दच नीट उमगत नाहीत. पण दोघांनाही माणसं ओळखू येतात, अपमानही कळतो. वाचा गेली म्हणजे अक्कल गेली असं नाही.

बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि तीच बाजू उजवा हात-पाय हलवते. म्हणून उजवं अंग लुळं पडलं की पुष्कळदा जीभही अडखळते. पॅरिसच्या ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी 1861 साली एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर उघडून पाहिला. तो माणूस वर्षानुवर्षं ‘टॅन’ एवढंच बोलायचा. बिघाड सापडला डाव्या बाजूच्या पुढच्या भागात; तीच ‘ब्रोकाची जागा’. तेव्हा माणूस मेल्याशिवाय आत पाहताच येत नव्हतं.

आज एफएमआरआय नावाच्या, मोठ्या चुंबकानं होणाऱ्या तपासणीत जिवंत माणसाचा मेंदू काम करताना दिसतो. शब्द दिसत नाहीत बरं का, रक्ताचा हिशेब दिसतो. कपाशीला ओलीत करताना ज्या सरीला पाणी पाहिजे तिकडे आपण पाट फोडतो, आणि पाणी लागतं त्यापेक्षा जरा जास्तच जातं. मेंदूचंही तसंच. जो भाग कामाला लागतो तिथे चार-पाच सेकंदांनी गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनवालं रक्त पोचतं, आणि चुंबकाला तो फरक कळतो.

जर्मनीत डोरोथी साउर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लकव्यानं भाषा बिघडलेल्या 14 रुग्णांचे असे फोटो तीन-तीनदा काढले. 2006 साली ते छापून आलं. पहिल्या दोन-चार दिवसांत डाव्या बाजूचा वाचलेला भागही जवळजवळ गप्प होता. साधारण दोन आठवड्यांनी दोन्ही बाजू जाग्या झाल्या, आणि सगळ्यात जोर उजवीकडे, ब्रोकाच्या जागेच्या बरोबर समोर. जणू घरधनी आजारी म्हणून शेजाऱ्यानं वखर हाती घेतला. वर्षभरानं काम पुन्हा बरंचसं डावीकडे आलं होतं. चौदाच माणसं, हे विसरू नका. डावीकडचं नुकसान फार मोठं असेल तर शेजाऱ्यावरच भिस्त राहते.

हा फोटो काढायला कुणी नागपूरला धावू नका, तो संशोधनाचा. धावायचं ते पहिल्या तासांत, साध्या सीटी स्कॅनसाठी. लकवा रक्ताच्या गुठळीनं झाला असेल, तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. दुपारी तोंड वाकडं झालं आणि ‘सकाळी पाहू’ म्हणून तेल चोळत बसलात, तर ती संधी गेली.

आता शिव्यांचं. हसू नका, हा प्रश्न चिठ्ठीवर आलाय! सूनबाई लिहितात, मामंजींना ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण शिवी सणसणीत येते. आकडे, प्रार्थना, शिव्या ही घोटून बसलेली भाषा. ती जुळवावी लागत नाही, आपोआप निघते. गाणंही असंच पुष्कळदा वाचतं. त्यावरूनच 1973 साली अमेरिकेत शब्द सुरात म्हणवून घ्यायची उपचारपद्धत मांडली गेली. तेव्हा सूनबाई, ती शिवी तुम्हाला नाही. उद्या संध्याकाळी त्यांना इथं आणून बसवा, हातात खंजिरी द्या, आणि पहिली ओळ तुम्ही म्हणा.